जवसाचं वांगं अन् साडेआठची पॅसेंजर

आमच्या मालकांचा रेल्वेवर लई भरवसा होता. ती घोटाळा करणार म्हंजे करणारच, असा भरवसा. माझ्या पोरीचं शिक्षण त्यांनी त्याच भरवशावर टाकलं होतं, हे मला पुढं समजलं.

एकोणनव्वद सालची गोष्ट. माझी शिवकन्या बारावी झाली अन् जालन्याला डी.एड.ला तिचा नंबर लागला. दोन वर्षं काढली की मास्तरीण. माझा आनंद पोटात माईना. पण आमचे मालक, पुंजाराम त्यांचं नाव, त्यांच्या डोक्यात घनसावंगीकडचं एक स्थळ फिरून राह्यलं होतं. सरळ न्हाई म्हणायची सोय नव्हती, कारण नंबर लागल्याचं त्यांनीच पारावर चार माणसांत मोठ्यानं सांगितल्तं. मंग त्यांनी अट काढली. म्हणले, "पोरीनं मेसचं खायचं न्हाई, पोट बिघडतं. झुंबरबाईकडं राहील, पण तिच्या ताटात हात घालायचा न्हाई. घरचा डबा जाईल. ज्या दिवशी डबा पोचला न्हाई, त्या दिवशी पोरगी पेटी घेऊन घरी."

झुंबरबाई माझ्या माहेरची. एका खोलीत राहणारी एकटी म्हातारी, दोन घरची धुणीभांडी करून पोट भरायची. तिच्यावर भार नको, हे मला बी पटलं. पण अटीमागं काय हाय ते मला उमगलं नव्हतं. तरी म्या म्हणलं, बराबर हाय, डबा जाईल. नंदाबाईनं शब्द दिला म्हंजे दिला.

आमच्याकडं लेकरं शिकायला शहरात ठिवली की गावाकडून एस.टी.नं डबे जातात. ड्रायव्हर-कंडक्टर बिनबोभाट नेतात, ती चालत आलेली रीत हाय. आमच्या खैरसावळीला एस.टी. येत नव्हती, रेल्वेचा हॉल्ट होता. त्या टायमाला छोटी लाइन. सकाळी साडेआठची पॅसेंजर आली की गाडीच्या शेवटाला गार्ड असतो, त्याच्या हातात डबा द्यायचा. तो जालन्याला पार्सलच्या बाकड्यावर ठिवून देणार, कॉलेजला जाता जाता पोरगी उचलणार. संध्याकाळच्या गाडीत ती रिकामा डबा धुऊन ठिवणार. ना पावती ना खर्चा. डबा फुकट जातो म्हणून म्या बी कधी तोंड उघडलं न्हाई, खोटं कशाला बोलू.

मालकांचं गणित सोपं होतं. जी गाडी साडेआठची म्हणून दहाला येती, जिच्यातले बल्ब अन् नळाच्या तोट्या कधीच्या गेल्यात, जिच्या हॉल्टवरून हापशाचा लोखंडी दांडासुदीक कुणीतरी उपसून नेला, ती गाडी दोन भाकरी जालन्यापस्तोर नेईल व्हय? आठ दिवस म्हणले, लई झालं तर पंधरा. रोज संध्याकाळी शेतातून येताना ते हॉल्टवर जायचे, डबा घ्यायचे, कानाशी धरून हलवायचे. आत काही वाजायचं न्हाई. म्हंजे डबा पोचला, पोरगी जेवली. मालकांचं तोंड उतरायचं. मी मुद्दाम विचारायचे, "काय हो, आला का डबा?" ते डबा चुलीजवळ आदळायचे अन् हातपाय धुवायला जायचे.

आषाढापासून दिवाळीपर्यंत असं चाललं. दिवाळीनंतर जुना गार्ड रिटायर झाला अन् तातेराव नावाचा नवा आला. पांढरे कपडे, काखेत झेंड्या, बोलायला लई मऊ. अन् त्याच सुमाराला माझ्या ध्यानात आलं, की पोरीची भूक वाढली. आधी डब्यात कधी भाकरीचा कोर उरून यायचा, तो आता येईना. भाजीचा रस्सासुदीक पुसून खाल्लेला. अभ्यासाची भूक असती, म्या म्हणलं, अन् दोनच्या तीन भाकरी केल्या. तीन बी संपल्या. चार केल्या. चार बी गेल्या. विहिरीवर बायांना सांगायचे, "माझ्या हातची चव हाय, पोरगी बोटं चाटून खाती." संक्रांतीला शिवकन्या घरी आली तर गालफडं बसलेली. म्या म्हणलं, "एवढं खाती अन् अंगाला लागत कामून न्हाई?" ती म्हणली, "माय, जागरण होतं." मी तिला काय म्हणणार, पाचवी भाकर टाकायला लागले.

शिवरातीच्या आधीची गोष्ट. गाडी आली, म्या डबा वर दिला. तातेरावनं तो घेतला, झेंडी उचलली अन् मला म्हणला, "बाई, कालच्या वांग्यात कारळाचा कूट होता का? आमच्या मंडळीला तसं जमतच न्हाई."

कुणी माझ्या वांग्याला चांगलं म्हणलं की मला बाकी काही सुचत न्हाई. म्या म्हणलं, "कारळ न्हाई, जवस. मंद जाळावर भाजायचं अन् तेल सुटेस्तोर कुटायचं." त्यानं मान हलवली, शिट्टी मारली, गाडी गेली. मी हसत हसत घराकडं निघाले. निम्मी वाट आले अन् पाय थांबले. काल ते वांगं घरी कुणी खाल्लंच नव्हतं. थोडंच झाल्तं म्हणून सगळं डब्यात घातलं होतं. मंग ह्या माणसाला वांगं कुठं भेटलं?

मी तशीच माघारी फिरले. गाडी तर गेल्ती, पण हॉल्टवर बद्रीनाथ होता. हा आमच्या गावचाच, कमिशनवर तिकिटं विकायचा, पण मास्तर म्हणल्याबिगर ओ द्यायचा न्हाई. तिकीट गावात कुणी काढत नव्हतं, म्हणून त्याला पेपर वाचायला लई टाइम भेटायचा. म्या म्हणलं, "मास्तर, तुमचा गार्ड माझ्या पोरीचा डबा खातो."

त्यानं पेपर घडी करून मांडीवर ठिवला. "बाई," म्हणला, "हा जागतिक प्रश्न हाय."

"कसला?"

"रेल्वेतली चोरी. विलायतेत चोरांनी खोटा लाल दिवा दाखवून अख्खी टपालगाडी थांबवली अन् नोटांची पोती नेली. अमेरिकेत तर घोड्यावर बसून गाड्या लुटायचे. आपल्या लाइनीवर मागच्या महिन्यात तांब्याची तार गेली, पंधरा दिवस फोन मुका होता. एवढ्या मोठ्या जगात तुम्ही वांग्याचं काय घेऊन बसल्या?"

म्या म्हणलं, "विलायतेतल्या चोरानं दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं होतं का, की नोटांत काय घातलं होतं म्हणून?"

त्यानं पेपर बाकड्याखाली सारला. मंग त्यानं पेटीतून अर्ज काढला. एक भरायचा, दोन नकला. मालाचं वजन, मालाची पावती, पाठवणाऱ्याचं नाव. म्या म्हणलं पावती कुठली, डबा तर फुकट जातो. "मंग कागदावर तुमचा डबा गाडीत कधी चढलाच न्हाई," बद्रीनाथ म्हणला, "अन् जो चढला न्हाई तो चोरीला कसा जाईल?" त्याला हे सांगताना बरं वाटून राह्यलं होतं. मला असा राग आला, की तिकिटाची खिडकी त्याच्याच डोक्यात घालावी. पण पुढचं त्यानं सांगितलं अन् माझा राग जागच्या जागी थंड झाला. म्हणला, "तरी बी अर्ज द्यायचा असल तर द्या. वरून साहेब येतील, पुंजारामभाऊचा जबाब घेतील, चौकशी हुईल."

मालकांचा जबाब. म्हंजे डबा पोचत न्हाई हे मालकांना समजणार, अन् त्याच दिवशी माझी पोरगी पेटी घेऊन घरी. म्या अर्ज त्याच्या मांडीवर ठिवला. तो म्हणला, "मंग कुलूप लावा डब्याला, बारकं भेटतं." ते बी मला जमणार नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी पसाभर पीठ होतं, तेव्हाबी माझ्या सासूनं दुरडीला कुलूप लावलं नव्हतं. अन्नाला कुलूप लावायचं नसतं, आमच्यात ते कुणी करत न्हाई.

घरी आले अन् पत्र्याच्या डबीतल्या चिठ्ठ्या काढल्या. शिवकन्या रिकाम्या डब्यात कधीमधी वहीच्या कागदाची चिठ्ठी टाकायची, ती मी जपून ठिवायचे. दिवाळीच्या आधीच्या चिठ्ठ्यांत लिहिलेलं, 'माय, मेथी छान झाल्ती', 'माय, पोटभर जेवले.' दिवाळीनंतरच्या सगळ्या चिठ्ठ्यांत एकच ओळ. 'डबा मिळाला.' जेवले असं कुठंच न्हाई. पोरगी खोटं बोलली नव्हती. ती रोज पार्सलच्या बाकड्यावरून रिकामा डबा उचलत होती, नळावर धूत होती अन् संध्याकाळच्या गाडीत ठिवत होती, का तर तिच्या बापानं तो कानाशी धरून हलवावा अन् तिला शिकू द्यावं. अन् मी इकडं विहिरीवर तिच्या भुकेच्या गप्पा मारत होते. मला माझीच लाज वाटली, लई रडले.

मालक यायच्या आत डोळे पुसले. जालन्याला पळत जावं वाटत होतं, पण कामून चालली म्हणून विचारलं तर काय सांगणार? रात्रभर विचार केला. सकाळी उठून दोन डबे भरले.

गाडी आली. म्या आधी मोठा डबा वर दिला. "साहेब, हा तुमचा. जवसाचंच वांगं हाय, तुमच्या मंडळीला बी न्या." तातेरावचं तोंड पडलं. मंग दुसरा दिला. "हा माझ्या पोरीचा. ती तीन महिने झाले उपाशी हाय."

मला वाटलं नाकारील, उलटा बोलील. मी भांडायला कंबर कसूनच गेल्ते. पण तो माणूस दोन्ही डबे छातीशी धरून उभा राह्यला. "बाई," म्हणला, "पहाटे तीनपासून ड्युटी. बदली माणूस येत न्हाई, सोळा सोळा तास गाडी वढतो. मधी चहाचा स्टॉल होता तो बंद पाडला. पहिल्या दिवशी लई भूक लागल्ती, डब्यातून एक भाकर घेतली. दोन दिवसांनी बघतो तर डब्यात तीन भाकरी. मला वाटलं, घरच्यांना समजलं अन् माझी म्हणून एक जास्तीची टाकली. डबा नेणाऱ्याचा घास टाकतात की आपल्याकडं."

"अन् चौथी?"

"चौथी आली तर ड्रायव्हर म्हणला, ही माझी असल. मंग फायरमननं एक घेतली. पुढच्या टेसनावर रुळाचे सांधे बदलणारा पॉइंटमन एक घ्यायचा, जालन्याला पार्सलचा हमाल एक. पण आईची आन, म्या रोज एकच खाल्ली."

म्या म्हणलं, "म्हंजे तुमच्या रेल्वेत चोर कुणीच न्हाई. सगळे एकेकच भाकर खातात."

त्यानं कान पकडले. ठेचा तेवढा आम्ही पोरीला ठिवायचो म्हणला, खाली मान घालून. आता तो कामून ठिवायचे ते मला ठाऊक, माझ्या हातचा ठेचा शहरातल्या पोटाला झेपत न्हाई. त्या दिवशी गाडी आमच्या हॉल्टवर पाच मिनिटं जास्ती थांबली अन् बद्रीनाथ खिडकीतून मुंडी काढून बघत राह्यला.

मला वाटलं, मिटलं. चौकशी न्हाई, जबाब न्हाई, मालकांना पत्ता न्हाई, अन् पोरीच्या पोटात अन्न. दिवसभर मी गाणं म्हणत कापूस येचला. संध्याकाळी मालक आले ते धावतच. तोंडावर असा उजेड मी आमच्या लग्नात बी बघितला नव्हता. डबा कानाशी धरून हलवला अन् आत धपधप वाजलं. "न्हाई पोचला," म्हणले, "जसा गेला तसा माघारी आला. मी बोललोच होतो, रेल्वे म्हंजे बिलकुल भरवशाची न्हाई. उद्या पोरीला घेऊन येतो."

त्यांनी झाकण काढलं. आत साडेचार भाकरी होत्या. एका भाकरीचा अर्धा तुकडा मोडलेला, वांग्याची एक फोड खाल्लेली. वर चिठ्ठी. मालकांना वाचता येतं, त्यांनी दिव्याजवळ धरून मोठ्यानं वाचली. 'माय, आज लई जेवले. पोट गच्च भरलं. एवढं घालत जाऊ नको.'

ते चिठ्ठी धरून उभे. मंग अर्ध्या भाकरीकडं बघितलं. "अर्ध्या भाकरीत पोट गच्च भरलं?" म्हणले. "दिवसभर रानात राबणारी पोरगी माझी. दोन भाकरी खाऊन वर ताक मागायची. आजारी हाय का ती? तू काय लपवून राह्यली?"

आता लपवून काय उपयोग होता. मी खाली बसले अन् सगळं सांगितलं. वांगं, गार्ड, एकेक भाकर खाणारे पाच जण, चिठ्ठ्या. नळावर धुतलेला रिकामा डबा. म्या म्हणलं, "तीन महिने ठेचा अन् चुरमुऱ्यावर असल ती. आतडं आक्रसलं पोरीचं." बोलता बोलता मला वाटून राह्यलं, आता हे उठतील, काठी आपटतील, म्हणतील अट म्हंजे अट. त्यांनी चिठ्ठी परत दिव्याजवळ धरली. म्हणले, "तीन महिने? अन् पेटी घेऊन आली न्हाई?"

"आली असती तर तुमी परत पाठवलं असतं का?" म्या विचारलं.

ते उठून बाहेर जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर आले न्हाईत.

सकाळी उठते तर मालक धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार. पाहुण्यांकडं जातानाचा थाट. म्हणले, "डबा भर." म्या विचारलं, "पोरीला आणायला चालले का?" त्यांनी टोपी सारखी केली. मी भाकरी थापल्या, त्यातली पहिलीच करपली. गार्डाचा डबा भरला तो बी त्यांनी उचलला. हॉल्टवर जाऊन त्यांनी बद्रीनाथला जालन्याचं तिकीट मागितलं. बद्रीनाथ दोन मिनिटं तिकिटांचा गठ्ठाच शोधत होता.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. शेतात गेले न्हाई. शिवकन्येची गोधडी उन्हात घातली, मंग वाटलं आपणच अपशकुन करून राह्यलो, म्हणून उचलून आत टाकली. संध्याकाळी गाडीच्या टायमाला हॉल्टवर जाऊन उभी राह्यले. गाडी नेहमीप्रमाणं लेट. बद्रीनाथ मला म्हणला, लेट होणं हा बी जागतिक प्रश्न हाय, जपान सोडून. म्या त्याला गप बस म्हणलं. मी एकच बघणार होते, मालकांच्या मागं पोरगी उतरती का, तिच्या हातात पेटी असती का.

दिवस मावळताना गाडी आली. चार बाया उतरल्या, एक म्हातारा शेळी घेऊन उतरला. मंग मालक उतरले. दोन्ही डबे हातात, मागं कुणी न्हाई. मी मागच्या डब्याच्या दारापर्यंत बघून आले. कुणीच न्हाई.

मालक म्हणले, "झुंबरबाईला म्हणायची कॉलेजात जेवते, कॉलेजात म्हणायची झुंबरबाईकडं जेवते. कुणाला पत्ता लागू दिला न्हाई." थोडं चाललो अन् परत म्हणले, "मला बघून तिनं आधी पेटीच भरायला घेतली. मला वाटलं पोरगी पाया पडायला वाकली, तर ती पेटी वढत होती."

"मंग?"

"मंग काय. कॉलेजच्या लिंबाखाली बसवली अन् खाऊ घातलं. तातेरावनं भाकर खाल्ली, ती त्याची भूक होती. पण पोरगी तीन महिने गप बसली ती माझ्या भ्यानं." मी त्यांच्याकडं बघितलं न्हाई, बघितलं असतं तर त्यांनी पुढं सांगितलं नसतं.

"किती खाल्ली?" म्या विचारलं.

"दीड. त्याच्या वर जाईना, रडायला लागली." त्यांनी डबे ह्या हातातून त्या हातात घेतले. "दोन खाईस्तोर मीच जाईन रोज. तू सकाळी जल्दी उठत जा."